खुराखाली काय हवे? लांब पल्ल्याच्या घोडदौडीची पूर्वतयारी

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेचा बारीक तपशील आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी ती रचना होती. पाणी आणि नाल यांची तजवीज लढाईच्या ऐन वेळी करून भागत नाही, हे त्या पागेला पक्के ठाऊक होते. पुढे पेशवाईत मोहिमेआधी शिलेदारांना जी आगाऊ रक्कम मिळे, ती नालबंदी म्हणूनच ओळखली जाई. मराठी मुलखात घोड्याचा लांबचा प्रवास पहिल्यापासून त्याच्या खुरापाशी सुरू होत आला आहे.

हिंगोलीला या इतिहासातला एक वाटा आहे. निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी इथे होती. 1903 मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात विलीन होईपर्यंत बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर या ठाण्यांबरोबर हिंगोलीचेही नाव घेतले जाई. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत होती. स्वार आपला घोडा स्वतः आणत असे, त्यामुळे घोडा लंगडला तर नुकसान थेट त्याच्या घरचे. पूर्णा–हिंगोली मीटरगेज रेल्वे आली ती 1912 मध्ये. तोवर या भागातली गस्त, टपाल आणि तातडीची कूच या सगळ्याचा भार घोड्यांच्या टापांवर होता.

आता लष्कराची गरज संपली, पण लांब पल्ल्याच्या घोडदौडीने खेळाचे रूप घेतले आहे. इंग्रजीतला ‘एन्ड्युरन्स’ हा शब्द आपल्याकडचे घोडेवालेही सर्रास वापरतात. 1955 मध्ये अमेरिकेत वेंडेल रोबी आणि त्याच्या चार साथीदारांनी सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडत 100 मैल म्हणजे सुमारे 160 किलोमीटर अंतर एका दिवसात घोड्यावरून कापले. त्यातून टेव्हिस कप ही शर्यत उभी राहिली. भारतात सहसा 40, 60 आणि 80 किलोमीटरच्या दौडी होतात. या खेळात पहिले येण्याइतकेच धडधाकट येणे महत्त्वाचे असते. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात; ती ठरलेल्या वेळेत साधारणपणे मिनिटाला 64 ठोक्यांवर उतरावी लागते. मग घोड्याला लगाम धरून दुडक्या चालीने पळवून दाखवावे लागते. त्यात पाय अडखळला की दौड तिथेच संपते. जगभर या शर्यतींतून घोडे बाद होण्याचे सर्वांत मोठे कारण लंगडणे हेच आहे.

हिशेब साधा आहे. दुडकीत घोड्याचे एक पूर्ण पाऊल अडीच मीटरच्या आसपास पडते. म्हणजे 80 किलोमीटरमध्ये प्रत्येक खूर सुमारे 32,000 वेळा जमिनीवर आदळतो आणि तितक्याच वेळा उचलला जातो. एका पायाला 300 ग्रॅमची नाल असेल, तर तो पाय दिवसभरात एकूण साडेनऊ हजार किलोंहून जास्त लोखंड उचलून ठेवतो. पायाच्या टोकाशी बांधलेले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा जास्त थकवते, कारण ते प्रत्येक पावलाला पुढे फेकावे लागते आणि पुन्हा थांबवावे लागते. दुसरीकडे, तेवढ्या आघातांनी उघडा खूर झिजत जातो. वजन आणि झीज यांच्या या ओढाताणीतच निवडीचा सगळा प्रश्न आहे.

खूर बाहेरून दगडासारखा दिसला तरी तो जिवंत अवयव आहे. बाहेरची भिंत आपल्या नखासारखी केराटिनची. ती वरच्या केसाळ कडेपासून खाली महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढते, त्यामुळे पुढच्या टोकाची भिंत पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्षभर लागते. तळाशी मधोमध रबरासारखा लवचिक त्रिकोण असतो, त्याला नालबंद पुतळी म्हणतात. पाय टेकला की टाचांकडचा भाग किंचित फाकतो, पुतळीवर दाब येतो, धक्का जिरतो आणि रक्ताभिसरणाला मदत होते. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ दिसते. ही पांढरी रेघ नालबंदाची लक्ष्मणरेषा आहे. खिळा तिच्या बाहेरच राहिला पाहिजे; आत गेला तर जिवंत मांस दुखावते.

महिन्याला 8 ते 10 मिलिमीटर म्हणजे दिवसाला जेमतेम पाव-एक मिलिमीटर वाढ. सरावात खूर याहून कमी झिजत असेल तर त्याला संरक्षणाची गरज नाही, जास्त झिजत असेल तर आहे. कोणत्या कंपनीची नाल घ्यावी, शेजारच्या तबेल्यात काय वापरतात, हे प्रश्न यानंतरचे. आणि झीज किती होईल हे मुख्यतः जमीन ठरवते.

हिंगोली जिल्ह्यात जमीन चार तोंडांनी बोलते. कयाधू, पूर्णा, पैनगंगेच्या खोऱ्यांत काळी माती. पावसाळ्यात ती चिकट होऊन टापेला धरून ठेवते आणि सैल नाल उपटून काढते. उन्हाळ्यात तीच भेगाळून विटेसारखी कठीण होते. औंढा नागनाथच्या बाजूला चढ लागतो, तिथे मुरूम आणि बेसाल्टचे टोकदार दगड. गावागावांना जोडणारे रस्ते डांबरी, आणि गावात शिरले की सिमेंटचे. हिंगोलीहून औंढा पंचवीसेक किलोमीटर. तिथे जाऊन आडवाटेने परतणारा मार्ग आखला, तर 50 किलोमीटरच्या आतच घोड्याला हे चारही प्रकार भेटतात. इंग्लंडमधल्या गवताळ कुरणासाठी लिहिलेला सल्ला इथे जशाच्या तसा चालत नाही.

या भागातल्या शेतकऱ्याला हा विषय परका नाही. वसमतच्या ऊसपट्ट्यात डांबरी रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलांना पत्र्या मारतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक नखीला वेगळी पातळ पत्री लागते. त्यासाठी बैलाला दोरांनी खाली पाडून, पाय एकत्र बांधून काम करावे लागते. घोड्याला मात्र उभ्यानेच नाल ठोकतात. खूर एकसंध, त्यामुळे नाल कमानीसारखी आणि सगळा भार त्या एका कड्यावर. बैल संथ चालतो, तर दौडीचा घोडा तासाला 12 ते 15 किलोमीटरने तासन्‌तास दुडकत राहतो. दुडकीत एकेका पायावर क्षणभर त्याच्या जवळजवळ सगळ्या वजनाइतका दाब येतो. बैलाची पत्री थोडी वाकडी बसली तर चालून जाते. घोड्याची नाल अर्धा सेंटिमीटर सरकली तरी शंभराव्या नव्हे, दहाव्या किलोमीटरला कळते.

अंतर आणि वेग यांतला हा फरक वारीत स्पष्ट दिसतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. ते आधी सुमारे 300 किलोमीटरची वाट दहा-अकरा दिवसांत पायी चालून आळंदीला पोहोचतात आणि मग पालखीबरोबर पंढरपूरची वाट धरतात. एकूण अंतर एका दिवसाच्या कोणत्याही शर्यतीपेक्षा मोठे. पण रोजची मजल पंचवीस-तीस किलोमीटर, चाल संथ आणि रात्री विश्रांती. रिंगणातली धाव तेवढी मोकळ्या मातीवर. शर्यतीचा घोडा तीन दिवसांचा रस्ता एका दिवसात कापतो, म्हणून त्याच्या खुराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

सुरुवात अनवाणी पायापासून करावी. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफोनने घोडा बांधायच्या अंगणात गोल दगड पसरायला सांगितले होते, म्हणजे उभ्या उभ्याही खूर घट्ट होत जातो. आजही मंगोल डर्बी या 1,000 किलोमीटरच्या दौडीत स्थानिक घोडे नालेशिवाय पळतात; मात्र स्वार दर चाळीसेक किलोमीटरवर घोडा बदलतो आणि पायाखाली बहुतेक गवताळ पठार असते. लहानपणापासून दगड-मातीत वाढलेला, जाड भिंतीचा आणि खोलगट तळव्याचा घोडा 40 किलोमीटरची मातीतली दौड अनवाणी सहज करू शकतो. धनगरांच्या वाड्याबरोबर सामान वाहणारे आणि आता स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेले भीमथडी घोडे काटक पायांसाठीच नावाजलेले आहेत. मात्र ही तयारी महिनोन्‌महिने हळूहळू करावी लागते. वर्षभर नाल असलेला घोडा नाल काढून महिन्याभरात मुरमाच्या रस्त्यावर पळवणे म्हणजे त्याला दुखणे देणे.

दुसरा आणि सर्वांत रुळलेला पर्याय पोलादी नालेचा. ती टिकते, स्वस्त पडते, आणि चांगला नालबंद ती खुराच्या आकाराला वळवू शकतो. 1835 मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात हेन्री बर्डनने नाल बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून तयार मापाची नाल जगभर सहज मिळू लागली, आणि तिच्याबरोबर एक खोडही आली. नाल खुरापेक्षा लहान निघाली की काही जण ती बदलण्याऐवजी खूरच कानशीने घासून नालेच्या मापाचा करतात. बाहेरून काम गुळगुळीत, देखणे दिसते; पण भिंत पातळ होते, ओलावा आत शिरतो आणि पुढच्या वेळी खिळ्याला धरायला जागा उरत नाही. घोडेमालकाने नालबंदाकडे पहिला आग्रह धरायचा तो हाच: नाल खुराला बसवा, खूर नालेला नको.

चांगल्या नालबंदाचे काम जवळ उभे राहून पाहण्यासारखे असते. जुनी नाल काढताना तो आधी खिळ्यांची मुरडलेली टोके सरळ करतो, मगच सांडशीने ती टाचेकडून उचलतो. ओढून काढली तर भिंतीचे तुकडे निघतात. मग वाढलेली भिंत कापून, तळवा साफ करून तो पाय खाली टेकवायला लावतो आणि बाजूने पाहतो. खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार आणि त्याच्या वरच्या सांध्याचा उतार एका रेषेत हवेत. टोक लांब आणि टाच बसकी राहिली तर पाय उचलताना मागच्या शिरांवर ताण येतो, आणि 32,000 वेळा आलेला ताण सुजेच्या रूपाने दिसतोच. खिळ्याचे टोक एका बाजूने तासलेले असते. ती तासलेली बाजू आत ठेवली की खिळा जाता जाता बाहेर वळतो आणि भिंतीतून साधारण एक तृतीयांश उंचीवर बाहेर पडतो. कठीण भिंतीतून जाणाऱ्या खिळ्यावर हातोडीचा आवाज टणक येतो. आवाज बोथट झाला, किंवा घोड्याने पाय झटकला, की जाणकार नालबंद तो खिळा लगेच उपटून पाहतो. टाचेच्या मागच्या भागात तो खिळा मारत नाही, कारण तिथला फाकण्याचा वाव बंद झाला तर धक्का जिरवायला खुराला जागाच राहत नाही.

पोलादाची दोन दुखणी आहेत, वजन आणि घसरण. वजन कमी करायला ॲल्युमिनियमची नाल येते. तितक्याच आकाराची ती पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाची भरते, पण मुरमावर झपाट्याने झिजते. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर गुळगुळीत पोलाद घसरते. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे बारीक ठिपके किंवा खुंट्या बसवतात. त्यांचा अतिरेक टाळावा. खूर जमिनीवर टेकल्यावर किंचित सरकला पाहिजे. तो एकदम घट्ट धरला गेला तर तो हिसका वरच्या सांध्यांना बसतो. दगडाळ वाटेसाठी नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याची किंवा प्लास्टिकची गादी घालतात. तळवा दगडाच्या ठेचेपासून वाचतो. मात्र पावसाळ्यात गादीखाली चिखल आणि ओल साठून पुतळी सडू लागते. तळव्याला कुजका वास आणि काळपट चिकट स्राव आढळला की गादी काढून पाय कोरडा करावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा पर्याय खुराच्या बुटाचा. त्याचे पूर्वज रोमन काळात सापडतात. पट्ट्यांनी बांधायचे धातूचे तळवे त्या काळी घोड्यांना घालत, आणि त्यांचे नमुने युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. आजचा रबरी-प्लास्टिकचा बूट 1970 च्या सुमारास अमेरिकेत आला. सरावाच्या दिवशी घालायचा, परतल्यावर काढायचा. बाकी वेळ खूर उघडा राहतो, वाढतो आणि घट्ट होतो. 2012 चा टेव्हिस कप गॅरेट फोर्डने जिंकला तेव्हा त्याच्या ‘द फ्युरी’ या घोड्याच्या पायांना नालेऐवजी गोंदाने चिकटवलेली कवचे होती. फोर्ड स्वतः असे बूट बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता, हे ध्यानात ठेवावे. तरीही 160 किलोमीटरचे डोंगर त्या कवचांनी निभावले, हे खरे.

बुटाला मापाची शिस्त लागते. खूर कापल्यावर लगेच, वजन त्या पायावर असताना, त्याची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यावी. पुढचे खूर गोलसर, मागचे निमुळते, म्हणून चारही पायांना एकच माप घेऊ नये. तीन-चार आठवड्यांनी वाढलेल्या खुरावर तोच बूट घट्ट होतो. सैल असेल तर फिरतो, आत वाळू जाते आणि टाचेवरची कातडी सोलते. हिंगोलीच्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये बूट चिखलात राहून जाण्याची शक्यता मोठी. चिकटवलेल्या कवचासाठी खूर कोरडा ठणठणीत आणि धूळमुक्त हवा. दमट हवेत गोंद धरत नाही. शिवाय ही कवचे दौडीपुरतीच, साधारण आठ-दहा दिवस ठेवून काढायची असतात.

आता औंढ्याच्या त्या कल्पित वाटेवर परत येऊ. डिसेंबर-जानेवारीत, माती कोरडी पण अजून दगडासारखी न झालेली असताना, 40 किलोमीटरची दौड असेल आणि घोडा बारमाही अनवाणी असेल, तर पुढच्या दोन पायांना बूट पुरेल. साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्याच पायांवर असतो. 80 किलोमीटर, त्यातला मोठा भाग मुरूम आणि डांबर, आणि आठवड्यात चार-पाच दिवस सराव असेल, तर चारही पायांना पोलादी नाल सरस, आणि ठेचा लागणाऱ्या पातळ तळव्याला गादीची जोड. पावसाळ्यात नालेची पकड दर काही दिवसांनी तपासायची. ओल आणि कोरडेपणाच्या सततच्या फेऱ्यांनी भिंत सैल पडते आणि खिळ्यांची भोके मोठी होतात. नाल टिकली म्हणून काम लांबवू नये. सहा ते आठ आठवड्यांनी ती काढून खूर कापलाच पाहिजे, कारण नालेखाली झीज थांबली तरी वाढ चालू असते.

घोडा विकत घेताना हीच नजर लागते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि नंदुरबारच्या सारंगखेड्याला मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे भोवरे, देवमण, पंचकल्याण, रंग यांवर तासभर बोलणी चालतात, पण पाय उचलून तळवा पाहणारे कमी दिसतात. लांब पल्ल्यासाठी घोडा घ्यायचा असेल तर चारही पाय उचलावे. भिंतीवर आडव्या वळ्या आहेत का, टाचा आत वळून चिमटल्या आहेत का, पुतळी रुंद आहे की सुकून अरुंद झाली आहे, हे पाहावे. पांढरा खूर काळ्यापेक्षा कमजोर असतो हा समज बाजारात पक्का आहे, पण मोजमापांत तो टिकलेला नाही. रंगापेक्षा भिंतीची जाडी आणि ओलाव्याचे प्रमाण महत्त्वाचे.

अवघड प्रश्नासाठी लांब जावे लागत नाही. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 पासून चालू आहे. घोडा सतत एकाच पायावर लंगडत असेल तर नाल बदलत बसण्याआधी तिथे दाखवावे. घरी रोज करायची तपासणी दोन मिनिटांची. खूर खरवडून साफ करावा, भिंतीवर हात ठेवून चारही पायांची ऊब ताडून पाहावी, आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटे ठेवून नाडी चाचपावी. निरोगी पायात ती जेमतेम लागते. एका पायात ती ठसठशीत उडत असेल तर त्या दिवशी सराव बंद ठेवावा. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, त्यामुळे खिळा लागल्याची शंका आली तर लसीची नोंद तपासून डॉक्टरांना बोलवावे.

दौडीआधीची नालबंदी साधारण आठवडा-दहा दिवस आधी उरकावी, म्हणजे दुखणारा खिळा सरावातच कळतो आणि सुधारायला वेळ मिळतो. नवा बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आधी 10, मग 20, मग 30 किलोमीटरच्या फेऱ्या करून टाचेची कातडी पाहत जावे. दौडीच्या दिवशी खोगिराच्या पिशवीत खूर खरवडायचा आकडा आणि पुढच्या पायाच्या मापाचा एक जास्तीचा बूट ठेवावा. वाटेत नाल निखळली तर त्या बुटावर घोडा पुढच्या तपासणीपर्यंत चालत नेता येतो, आणि स्वाराने तेवढे अंतर खाली उतरून त्याच्या बाजूने चालावे.